पित्तनलिकेतला स्टेंट परत परत बंद होतोय, ताप आणि कावीळ परत येतेय : काय बघायचं, काय करायचं

ज्यांच्या घरात कॅन्सरमुळे पित्तनलिका दाबली जाऊन स्टेंट घातलेला पेशंट आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, अण्णांचा मुलगा आहे, स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ होती, दीड वर्षात चार वेळा ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेत स्टेंट घालायची किंवा बदलायची प्रक्रिया) झाली आणि त्यातली दोन वेळा धावपळ अशी झाली की आधी कोणी नीट सांगितलं असतं तर वाचली असती.

प्रॉब्लेम सगळ्यांकडे साधारण सारखाच असतो. स्टेंट घातला, कावीळ उतरली, पेशंट जेवायला लागला, केमो सुरू झाली, घरात जरा हायसं वाटलं आणि मग दोन-तीन महिन्यांनी एके दिवशी संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो, नाहीतर डोळे परत पिवळे दिसायला लागतात, आणि घरातले मोठे लोक हळू आवाजात म्हणतात की आता आजार पसरला, आता काही राहिलं नाही. इथेच चूक होते. पसरलाही असेल, पण बऱ्याच वेळा फक्त पाईप तुंबलेला असतो आणि तो बदलता येतो. कावीळ परत आली की आधी स्टेंट बघायचा, शेवटाचं बोलणं त्यानंतर.

पाईप तुंबतो का ते आधी सांगतो, कारण ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप कळतं. लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त बनवतं आणि ते सगळं एका बारीक नळीतून आतड्यात उतरतं. गाठीने ती नळी दाबली की पित्त मागे साठतं, रक्तात चढतं, म्हणून कावीळ. तोंडातून दुर्बीण घालून त्या दाबलेल्या जागेतून जो प्लॅस्टिकचा स्टेंट सरकवतात (ही पद्धत १९७९ साली जर्मनीत हॅम्बुर्गला सोएहेन्द्रा नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडली) तो बहुतेक वेळा १० फ्रेंचचा असतो म्हणजे ३.३ मिलिमीटर, बॉलपेनच्या रिफिलएवढा. आता स्टेंटचं खालचं टोक आतड्यात उघडं असतं, आतड्यातले जंतू वर चढतात, नळीच्या आतून बुळबुळीत थर धरतात, त्यावर पित्तातला गाळ बसत जातो. अण्णांचा पहिला स्टेंट काढल्यावर डॉक्टरांनी मला गॉजवर ठेवून दाखवला होता, निळा पाईप आणि आत चहाच्या चोथ्यासारखा काळपट तपकिरी गाळ गच्च भरलेला, एका टोकातून दुसऱ्या टोकाचा उजेड अजिबात दिसत नव्हता. नऊ आठवड्यांत हे झालं होतं. आम्ही पथ्य पाळलं नाही म्हणून नाही, औषध चुकलं म्हणून नाही, प्लॅस्टिकचा स्टेंट साधारण तीन महिन्यांत असाच भरतो, कोणाचा आधी कोणाचा नंतर.

मेटलचा स्टेंट जाळीचा असतो, घालताना बारीक दोरीसारखा मिटलेला आणि आत गेल्यावर एक-दोन दिवसांत हळूहळू उघडत ८ ते १० मिलिमीटरचा होतो. तोंड मोठं म्हणून तुंबायला वेळ लागतो, बहुतेकांचा सहा महिने ते वर्षभर चालतो. पण तोही कायमचा नाही. नुसत्या जाळीच्या म्हणजे अनकव्हर्ड स्टेंटमध्ये गाठ जाळीच्या भोकांतून आत वाढते. कव्हर्ड म्हणजे जाळीवर आवरण असेल तर गाठ आत शिरत नाही पण तो जागेवरून सरकण्याची भीती जास्त, आणि गाळ त्यातही साठतोच. म्हणून डिस्चार्ज कार्डावर हे सगळं लिहिलंय का ते वॉर्डातून बाहेर पडायच्या आधी बघा : प्लॅस्टिक की मेटल, कव्हर्ड की अनकव्हर्ड, जाडी किती, लांबी किती, कोणत्या तारखेला घातला, आणि बदलायचा कधी. आमच्या पहिल्या कार्डावर फक्त "ईआरसीपी आणि स्टेंटिंग" एवढंच होतं, बदलायचा असतो हे कोणी बोललंच नाही आणि आम्हाला विचारायचं सुचलं नाही, आम्ही समजत होतो की हार्टच्या स्टेंटसारखा हा पण एकदा घातला की झालं.

आता ताप.

थंडी वाजून ताप आला तर एवढंच धरून चालायचं की स्टेंट तुंबलाय आणि आत इन्फेक्शन झालंय, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. साठलेल्या पित्तात जंतू वाढतात आणि ते थेट रक्तात शिरतात, याला कोलँजायटिस म्हणतात. ताप, कावीळ आणि पोटात उजवीकडे वर दुखणं ही त्याची जुनी तीन लक्षणं पण तिन्ही एकदम येतातच असं नाही, म्हाताऱ्या माणसात तर नुसती थंडी वाजते आणि गळून जातात. अण्णांना पहिल्यांदा झालं ते गौरी विसर्जनाच्या दिवशी, घरात पाहुणे, पावसाळा, सगळे म्हणाले व्हायरल आहे, गावातल्या डॉक्टरांनी तापाच्या गोळ्या आणि एक इंजेक्शन दिलं, ताप उतरला, रात्री परत चढला, असं दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णा मला "गाडी सुटली का रे, डबल बेल दे" म्हणायला लागले. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. मला वाटलं झोपेत आहेत, पण डोळे उघडे होते आणि हात गार पडलेले, हॉस्पिटलला पोचलो तेव्हा बीपी वरचं ७० होतं. बडबड आणि बीपी पडणं म्हणजे इन्फेक्शन सगळ्या अंगात गेलंय. आयसीयू, सलाईन, आधी ब्लड कल्चर घेऊन मग अँटिबायोटिक आणि त्याच दिवशी ईआरसीपी करून स्टेंट बदलला. अँटिबायोटिकने थोडा वेळ मिळतो, पण तुंबलेला पाईप मोकळा केल्याशिवाय हे इन्फेक्शन बरं होत नाही, हे आयसीयूतल्या डॉक्टरांनी मला उभ्या उभ्या सांगितलं आणि ते मी कधी विसरलो नाही. नुसत्या इंजेक्शनवर आठवडा काढणारी घरं मी नंतर पाहिली, म्हणून जोर देऊन सांगतोय.

तर करायचं काय. थर्मामीटर घरात पाहिजे, हात लावून ताप बघू नका. १०१ च्या वर गेला किंवा कमी असूनही हुडहुडी भरली तर जिथे ईआरसीपी होते त्या हॉस्पिटलला त्याच दिवशी, रात्र असली तरी. पॅरासिटामॉल दिली तर दिली, पण ताप उतरला म्हणून जाणं रद्द करू नका, गोळीने आकडा खाली येतो, आतलं तुंबलेलं तसंच असतं. घरात उरलेली जुनी अँटिबायोटिक्स देऊ नका, कल्चरमध्ये मग जंतू सापडत नाही आणि कुठलं औषध लागू पडेल ते कळत नाही. आणि केमो चालू असेल तर आणखी एक भानगड, पांढऱ्या पेशी पडल्यामुळे पण ताप येतो, तोही तितकाच तातडीचा, त्यामुळे घरी बसून स्टेंटचा ताप का केमोचा ताप हा विचार करत बसायचंच नाही, दोन्हीचं उत्तर कॅज्युअल्टी हेच आहे. तिथे सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) आणि लिव्हर फंक्शन दोन्ही काढायला सांगा.

ताप नाही, फक्त कावीळ हळूहळू परत येतेय असं असेल तर ती ओळखायच्या काही सवयी लावून घ्या. डोळे सकाळी खिडकीशी नेऊन उजेडात बघायचे, पिवळ्या बल्बखाली सगळ्यांचेच पिवळे दिसतात. लघवी पांढऱ्या मगात घेऊन बघायची, कोऱ्या चहासारखी झाली की समजायचं, डोळ्यांच्या आधी लघवी सांगते. आणि संडासचा रंग, हे बोलायला लोक लाजतात, पण पित्त आतड्यात उतरलं नाही तर संडास शाडूच्या मातीसारखी होते, पांढुरकी राखाडी, आणि हे पेशंटने स्वतः सांगितलं तरच कळतं. अण्णांनी यासाठी एक वही केली होती, जुन्या सवयीने रेघा मारून, तारीख, ताप, लघवीचा रंग, संडासचा रंग, वजन, जेवण, आणि शेवटच्या रकान्यात खाज. खाज हा रकाना त्यांनी स्वतः वाढवला. दुसऱ्या वर्षी स्टेंट बंद झाला तेव्हा डोळे साफ होते पण वहीत चार दिवस "तळहात-तळपाय खाज, रात्री झोप नाही" असं लिहिलेलं होतं, त्यावरून टेस्ट केली तर बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा पिवळा रंग) ३.४ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (पित्त अडलं की चढणारी लिव्हरची टेस्ट) चांगलंच वाढलेलं. (बिलिरुबिन नॉर्मलला १.२ च्या आत असतं.) स्टेंट भरायला लागला की अल्कलाइन फॉस्फेटेज आणि तशीच दुसरी टेस्ट जीजीटी बऱ्याचदा बिलिरुबिनच्या आधी चढतात, म्हणून रिपोर्टमध्ये फक्त बिलिरुबिन बघून कागद घडी घालू नका.

खाजेबद्दल जाता जाता, नेहमीच्या ॲलर्जीच्या गोळ्यांनी ती फारशी जात नाही, त्या फक्त झोप आणतात. कोलेस्टिरामाइनची पावडर देतात पण ती आतड्यात उतरलेल्या पित्तावर काम करते, नळी पूर्ण बंद असेल तर ती तरी काय करणार. खरी खाज थांबते ती नळी मोकळी झाल्यावर.

सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये एक ओळ शोधा. स्टेंट उघडा असेल तर पित्तनलिकेत हवा दिसते, रिपोर्टात न्यूमोबिलिया असं लिहितात आणि आम्ही पहिल्यांदा वाचलं तेव्हा घाबरलो होतो की हा काय नवीन आजार, पण ती चांगली खूण आहे, आतड्यातली हवा वर जातेय म्हणजे रस्ता मोकळा आहे. आधीच्या रिपोर्टात हवा होती, आताच्या रिपोर्टात नाही आणि लिव्हरमधल्या नळ्या फुगलेल्या, तर स्टेंट बंद असण्याची शक्यता खूप. म्हणून जुने रिपोर्ट कायम सोबत ठेवा, नवीन रिपोर्ट एकटा असला तर त्याला अर्थ लागत नाही.

पण प्रत्येक वेळी स्टेंटच दोषी असतो असंही नाही. लिव्हरमध्येच गाठी पसरल्या असतील, किंवा एखाद्या औषधाने लिव्हर सुजलं असेल, तर नळ्या फुगलेल्या दिसत नाहीत आणि अशा वेळी स्टेंट बदलून कावीळ उतरत नाही. आणखी एक म्हणजे गाठ वाढून आतड्याचंच तोंड दाबते, मग जेवलेलं दोन-तीन तासांनी उलटून पडतं, पोट वर फुगतं, आणि अन्न पुढे सरकत नसल्यामुळे स्टेंट पण परत परत तुंबतो. उलट्या आणि कावीळ एकत्र असेल तर हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा, कारण मग नुसतं पित्तनलिकेचं बघून भागत नाही.

तुंबल्यावर डॉक्टर काय करतात ते थोडक्यात. प्लॅस्टिकचा असेल तर काढून नवा. मेटलचा अनकव्हर्ड असेल तर तो मांसात रुतलेला असतो, काढता येत नाही, मग आतून बलून फिरवून गाळ काढतात आणि त्याच्या आतच दुसरा घालतात. अण्णांचं चौथ्यांदा हेच झालं. दुर्बीण तिथपर्यंत जातच नसेल तर पोटावरून, बरगड्यांमधून सुई घालून लिव्हरमधली नळी गाठतात आणि बाहेर पिशवी लावतात, तिला पीटीबीडी म्हणतात, किंवा हल्ली एंडोस्कोपिक सोनोग्राफीने आतल्या आत, जठरातून किंवा आतड्यातून थेट पित्तनलिकेत रस्ता करतात, पण तो करणारे हात सगळीकडे नसतात. गाठ खाली स्वादुपिंडाशी नसून वर लिव्हरच्या दाराशी असेल, जिथे डावी-उजवी नळी एकत्र येते, तर काम जास्त अवघड, तिथे एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) करून आधी नकाशा बघावा लागतो, कारण लिव्हरचा निम्म्याहून जास्त भाग मोकळा झाला तरच फरक पडतो आणि ज्या भागात डाय (एक्स-रेत नळ्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते द्रव) गेला पण स्टेंट गेला नाही तिथे नंतर इन्फेक्शन होतं. अशी केस असेल तर रोज हे काम करणाऱ्या मोठ्या सेंटरलाच जा, जवळचं हॉस्पिटल सोयीचं असलं तरी.

पिशवी लागली असेल तर रोज किती पित्त पडलं ते मोजून लिहा, सलाईनने फ्लश करायचं नर्सकडून समोर करून दाखवायला सांगा आणि मग तिच्यासमोर तुम्ही एकदा करा. फ्लश जोर लावून करायचा नाही आणि परत ओढायचा नाही. पिशवीत एकदम पित्त येणं बंद झालं किंवा नळीच्या कडेने गळायला लागलं तर ती पण तुंबलीय किंवा सरकलीय. नळीला टोपण लावून आत सोडलेलं असेल आणि ताप आला तर बहुतेक ठिकाणी टोपण काढून पिशवी जोडा आणि निघा असंच सांगतात, तुमच्या डॉक्टरांकडून हे आधीच विचारून ठेवा. पित्त सगळं बाहेर पडत असेल तर शरीरातलं पाणी आणि मीठ पण जातं, तोंड कोरडं, चक्कर, लघवी कमी असं व्हायला लागलं तर दुर्लक्ष नको.

प्रक्रियेच्या आधी तीन गोष्टी आठवणीने बोला. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या किंवा पोटातली इंजेक्शनं चालू आहेत का, या कॅन्सरमध्ये पायात गुठळ्या होतात म्हणून बऱ्याच जणांना ती असतात. कावीळ जुनी असेल तर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) बघितलाय का, पित्त उतरत नाही म्हणजे व्हिटॅमिन के अंगी लागत नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, त्यासाठी इंजेक्शन देतात. आणि गुदद्वारातून डायक्लोफेनॅक किंवा इंडोमेथासिन देणार का, ईआरसीपीनंतर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, शंभरात साधारण तीन ते दहा जणांना, ती या औषधाने कमी होते. झाल्यावर पोटात बेंबीच्या वर कचकचून दुखलं आणि पाठीत गेलं तर ते "गॅसेस" म्हणून सोडायचं नाही. काळीकुट्ट संडास झाली तरी लगेच सांगायचं.

स्टेंट बदलला आणि दुसऱ्या दिवशी डोळे तसेच पिवळे म्हणून घाबरू नका. जुन्या काविळीत बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो, तो अल्ब्युमिन शरीरातून जाईपर्यंत जात नाही, त्याला आठवडे लागतात. लघवी आधी साफ होते, डोळे शेवटी. अण्णांचं चौथ्या वेळी ९.१ वरून पहिल्या आठवड्यात ४.८ आणि तिसऱ्या आठवड्यात १.८ झालं, मग केमो परत सुरू करता आली. आठवड्यात काहीच खाली आलं नाही तर मात्र परत विचारायचं.

पैशाचं बोलतो. मेटलचा स्टेंट प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी पट महाग म्हणून आमच्याकडे पहिल्यांदा प्लॅस्टिकचा घातला गेला, पण दर तीन महिन्यांची ईआरसीपी, मधली ॲडमिशन, आयसीयू, सुट्ट्या, गाडीभाडं हे सगळं मिळून ते स्वस्त पडत नाही. ऑपरेशन होणार नाही हे नक्की असेल, गाठ खालच्या भागात असेल आणि बायोप्सीने कॅन्सर पक्का झाला असेल तर मेटलचाच विचारा, युरोपातल्या एंडोस्कोपी डॉक्टरांच्या संघटनेची शिफारसही तीच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि स्टेंट त्यात धरलाय का हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिशनच्या दिवशीच विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही. आणि ज्यांचं ऑपरेशन लगेच होणार आहे त्यांनी उलटा प्रश्न विचारायचा, की स्टेंटची खरंच गरज आहे का. नेदरलँड्समधल्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात स्वादुपिंडाच्या डोक्याच्या कॅन्सरच्या पेशंटमध्ये आधी स्टेंट घालून मग ऑपरेशन केलेल्यांत गंभीर त्रास ७४ टक्के आणि थेट ऑपरेशन केलेल्यांत ३९ टक्के निघाला. इन्फेक्शन असेल, बिलिरुबिन फार चढलेलं असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

आता जे सांगायला जड जातं ते. दुसऱ्या आषाढात कावीळ परत आली तेव्हा घरात दोन तट पडले. काका म्हणाले माणसाला आता छळू नका, आणि तेच काका सकाळी अण्णांना काविळीचं औषध देणाऱ्याकडे घेऊन गेले, तिथे चुन्याच्या पाण्यात हात धुवून पाणी पिवळं झालं, गळ्यात माळ घातली, उसाचा रस आणि फुटाणे खायला सांगितले. काकांचं प्रेम होतं त्यात, मला शंका नाही. पण त्या काविळीचं कारण नळी दाबली जाणं हे आहे आणि माळेने नळी उघडत नाही, नाकात औषध घालून तर नाहीच, आणि त्यात चार दिवस गेले तर इन्फेक्शन तेवढं पुढे जातं. मी अण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, "पाईप बदलायचाय ना, मग चल की, त्यात काय एवढं." त्यानंतर ते पाच महिने होते, त्यातले साडेतीन तरी स्वतः उठून अंगणात बसण्याचे, आणि दिवाळीत त्यांनी अर्धी करंजी खाल्ली, पॅन्क्रिॲटिनची, म्हणजे अन्न पचायला मदत करणारी कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घेऊन, जशी डॉक्टरांनी सांगितली होती तशी. शेवटी शेवटी, डिसेंबरात, परत स्टेंट भरला तेव्हा मात्र डॉक्टरांशी आणि त्यांच्याशी बोलून आम्ही नेलं नाही, फक्त त्रास कमी करायची औषधं ठेवली. तो निर्णय वेगळा होता कारण तो माहिती असून घेतला होता, आणि त्यांनी स्वतः घेतला होता.

शेवटचं, एक चिठ्ठी करून ठेवा. आमचा अनुभव असा की कॅज्युअल्टीत रात्री जो डॉक्टर असतो त्याला पेशंटचं काही माहीत नसतं आणि आपण घाबरून भलतंच सांगत बसतो. आमची चिठ्ठी अशी होती, मोठ्या अक्षरात :

"स्वादुपिंडाचा कॅन्सर. पित्तनलिकेत अनकव्हर्ड मेटल स्टेंट, १० मिमी, तारीख अमुक, त्याच्या आत दुसरा स्टेंट, तारीख अमुक. थंडी वाजून ताप आला तर कोलँजायटिस धरावा. ब्लड कल्चर, सीबीसी, लिव्हर फंक्शन, पीटी-आयएनआर. शेवटची केमो तारीख अमुक. रक्त पातळ व्हायचं इंजेक्शन चालू आहे, शेवटचा डोस तारीख-वेळ अमुक. ईआरसीपी करणाऱ्या डॉक्टरांचा नंबर."

तिच्या तीन कॉप्या होत्या, एक कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेली, एक अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात आणि एक शेजारच्या रिक्षावाल्याकडे, कारण मी पुण्यात असायचो आणि रात्री त्यांना घेऊन जाणारा तोच होता.